जुनी डिझेल पिकअप चढावर दम सोडते, काळा धूर नाही : डिझेल नेमकं कुठे अडतंय?

फलटणकर_पिकअप

गाडी जुनी डिझेल पिकअप आहे. चार सिलिंडर, टर्बो नाही, मेकॅनिकल इनलाइन पंप, म्हणजे नोझलला दाबाने डिझेल देणारा मुख्य पंप. त्याच्या अंगाला टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप आहे आणि त्यावर हाताने मारायचा प्रायमर. पुढे दोन फिल्टर, पहिला कापडी, दुसरा कागदी. टनभर भाजीपाला असतो.

त्रास दोन आहेत. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाट अर्धा चढला की दम जातो. ॲक्सिलरेटर तळाला लावला तरी वेग पडत जातो, शेवटी पहिल्या गियरवर येते. धूर अजिबात काळा नाही. कडेला घेऊन पाचेक मिनिटं थांबवली की परत उचलते. सपाटीला रिकामी गाडी छान पळते. दुसरा त्रास सकाळचा. सेल्फ मारल्यावर लगेच सुरू होते, पण अर्ध्या मिनिटात अडखळते आणि कधी कधी बंद पडते. प्रायमर मारला की ठीक.

दोन्ही फिल्टर नवे टाकले, फरक शून्य. पंप-नोझलवाले म्हणतात पंप गेला, उतरवून ओव्हरहॉल करा. खर्च मोठा आहे. त्याआधी काय तपासू?

पाना_सतरा

पंप इतक्यात उतरवू नका दादा. तुम्ही दिलेल्या माहितीतच तीन गोष्टी पंपाच्या बाजूने बोलतायत.

पहिली, काळा धूर नाही. दम जातो आणि काळा धूर येतो तेव्हा डिझेल पुरेसं पोचतंय, हवा कमी पडतेय किंवा नोझल नीट फवारत नाही. मग एअर फिल्टर आणि नोझल बघायचे. दम जातो आणि धूरच नाही तेव्हा डिझेल कमी पोचतंय.

दुसरी, गाडी थांबवून परत चालते. झिजलेला प्लंजर, म्हणजे पंपातला डिझेल दाबणारा दट्ट्या, पाच मिनिटांत बरा होत नाही. उलट पंप झिजला असेल तर गरम झाल्यावर डिझेल पातळ होऊन गाडी सुरू व्हायलाच त्रास देते. तुमचं तसं नाही.

तिसरी सगळ्यांत महत्त्वाची, सकाळी लगेच सुरू होते आणि मग अडखळते. म्हणजे फिल्टरमध्ये आणि पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या पोकळीत) रात्रभर डिझेल टिकून आहे, त्यावर इंजिन अर्धा मिनिट चालतं. त्यामागची लाइन रिकामी झालेली असते. टाकी पंपापेक्षा खाली आहे, कुठून हवा मिळाली की लाइनमधलं डिझेल टाकीत परत उतरतं. सेल्फ मारूनही सुरूच झाली नसती, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह किंवा नोझलकडे बघायला सांगितलं असतं.

आता फुकटातल्या तपासण्या करा. एकाला आत बसवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉप स्क्रूला टेकतो का बघा. जुन्या गाडीत केबल ताणली जाते, पेडलखाली मॅट येते, लिव्हर पाऊणच फिरतो. मग बंद करायची केबल बघा. तिचा लिव्हर पूर्ण मागे येतो का? अर्धवट अडकला तर पंपाची रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी) पूर्ण उघडत नाही आणि सगळी लक्षणं डिझेल कमी पडल्याचीच दिसतात. तिसरं, दम गेला की लगेच टाकीचं झाकण सैल करा. सुस्स आवाज येऊन गाडी सुधारली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय.

आणि हे सांगा, दम जातो तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?

नगरी_ट्रॅक्टर

आमच्याकडे ट्रॅक्टरला असं झालं की पंपाचा मागचा स्क्रू थोडा वाढवतात, ताकद येते. आणि टाकीजवळ एक जास्तीचा फिल्टर टाकून द्या.

इनलाइन

भाऊ, दोन्ही नको. तो स्क्रू सीलबंद असतो त्याला कारण आहे. प्रत्येक झटक्याला किती डिझेल जावं याची कमाल मर्यादा तो ठरवतो. यांच्या पंपापर्यंत डिझेलच पोचत नाही, तिथे मर्यादा वाढवून काय मिळणार? उद्या पुरवठा सुधारला की तीच गाडी काळी ओकेल, एक्झॉस्ट तापेल आणि पिस्टनवर बेतेल.

जास्तीचा फिल्टर फीड पंपाच्या आधी लावणं तर अगदी चूक. फीड पंप ढकलायला चांगला, ओढायला कमकुवत. कागदी फिल्टर ओढण्याच्या बाजूला टाकला की त्याच्यावर भार येतो, आणि जोडांतून हवा घुसायला आयतं निमित्त मिळतं. त्या बाजूला काही लावायचंच असेल तर काचेच्या वाटीचा सेडिमेंटर लावा. त्यात पाणी आणि जड कचरा खाली बसतो, अडथळा जवळजवळ नसतो.

फलटणकर, फीड पंपाच्या खाली किंवा बाजूला लहान वाटी आणि तारेची जाळी असेल. ती काढून बघितली का? दोन्ही फिल्टर बदलणारे बरेच जण ही जाळी विसरतात. शेवाळासारखा काळा लगदा अडकलेला असतो तिथे. जाळी डिझेलमध्ये ब्रशने धुवा, वाटीचं रबर सील नवं टाका. जुनं सील चपटं झालेलं असतं, ते परत बसवलं की तिथूनच हवा घेतं.

फलटणकर_पिकअप

लिव्हर दोन्ही बरोबर आहेत, स्टॉप स्क्रूला टेकतो. झाकण सैल करून बघितलं, आवाज नाही, फरक नाही. फीड पंपाच्या वाटीत थोडा काळा गाळ होता, जाळी धुतली, सील नवं टाकलं. सकाळचा त्रास तसाच.

डिझेल बहुतेक अर्ध्याच्या खालीच असतं. आता तुम्ही विचारल्यावर लक्षात येतंय, टाकी भरल्यानंतरच्या फेरीत त्रास आठवत नाही. प्रायमर मारताना सुरुवातीला पोकळ लागतो, पंधरा-वीस वेळा दाबल्यावर कडक होतो.

पाना_सतरा

पोकळ प्रायमर म्हणजे हवा. अडथळा असता तर प्रायमरची मूठ वर ओढताना जड गेली असती आणि सोडल्यावर आपोआप खाली ओढली गेली असती. तुमच्याकडे मुख्य दोष हवेचा आहे, सोबत थोडा अडथळाही असू शकेल.

ओढण्याच्या बाजूची गळती बाहेर टपकत नाही. टाकी ते फीड पंप या टप्प्यात इंजिन चालू असताना दाब वातावरणापेक्षा कमी असतो. चिरलेल्या पाइपातून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली वाकून ‘कुठेच ओलं नाही’ म्हणणारा मेकॅनिक खरं बोलत असतो आणि दोष तरीही तिथेच असतो. फीड पंपाच्या पुढे उलटं, तिथे दाब असतो, गळती असेल तर ओल दिसते आणि धूळ चिकटून काळा डाग पडतो.

आता डोळ्यांनी बघायची सोय करा. फीड पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाला फूटभर पारदर्शक पाइप मधे जोडा. आतला व्यास मूळ रबरी पाइपाइतकाच, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा. तार फिरवून बांधू नका, तारेने पाइप एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. सायलेन्सरपासून लांब ठेवा. हा पाइप फक्त तपासणीपुरता, डिझेल आणि उष्णतेने तो कडक होऊन निसटतो.

इंजिन सुरू करा, दोन मिनिटं रेस वाढवून धरा आणि पाइपाकडे बघा. सुरुवातीला जोडताना अडकलेली हवा निघून जाईल, ती मोजू नका. त्यानंतर बारीक बुडबुड्यांची सरळ माळ दिसत राहिली तर हवा मागून येतेय.

इनलाइन

सोबत डब्याची चाचणी करा, तिने दोष अर्धा अर्धा वाटला जातो. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात तीन-चार लिटर गाळलेलं डिझेल. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपावरून काढा आणि त्याच्या जागी कॅनमध्ये बुडवलेला नवा रबरी पाइप लावा. रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडा. इनलाइन पंपात इंजिन जाळतं त्याच्या कितीतरी पट डिझेल फिरून परत जातं. रिटर्न टाकीतच राहिला तर कॅन बघता बघता रिकामा होतो, पंप हवा ओढतो आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढता.

कॅनची उंची महत्त्वाची. बरेच जण तो बॉनेटच्या उंचीला टांगतात. मग डिझेल आपल्या वजनानेच उतरतं आणि मेलेला फीड पंपही पास होतो. म्हणून दोनदा करा, एकदा कॅन वर ठेवून आणि एकदा जमिनीवर, टाकीच्या तळाच्या पातळीला. वर चालते आणि खाली अडखळते तर फीड पंप कमकुवत. दोन्हीकडे छान चालते तर फीड पंपापासून पुढे सगळं ठीक, दोष टाकी आणि लाइनमध्ये. दोन्हीकडे त्रास राहिला तर फीड पंपाच्या पुढे.

कॅन केबिनमध्ये किंवा एक्झॉस्टजवळ ठेवायचा नाही. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ सुटते तो) किमान ३५ अंश सेल्सिअस असावा असं मानक आहे, आणि रिटर्नचं डिझेल गरम येतं. म्हणजे उन्हाळ्यात कॅनमध्ये पेटू शकणारी वाफ असतेच. झाकणाला श्वासाचं भोक ठेवा, आसपास कुणाला बिडी ओढू देऊ नका.

फलटणकर_पिकअप

कॅन वर ठेवून आणि जमिनीवर ठेवून, दोन्ही वेळा दहा-दहा मिनिटं रेस धरली. एकदाही अडखळली नाही, पारदर्शक पाइपात बुडबुडा नाही. टाकीची लाइन परत जोडली की बारीक माळ सुरू. रेस वाढवली की बुडबुडे वाढतात.

म्हणजे पंप सुटला ना यातून?

पाना_सतरा

सुटला. फीड पंपही सुटला. आता टाकी ते फीड पंप एवढाच टप्पा उरला. त्यात दोष बसतील अशा जागा मोजक्या आहेत : टाकीतला उभा सक्शन पाइप आणि त्याच्या तळाची जाळी, टाकीच्या वरचा जोड, तिथला रबरी तुकडा, चॅसिसवरून येणारी लोखंडी नळी, पुढचा रबरी तुकडा, आणि फीड पंपाच्या तोंडाचा बँजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) व त्याचे दोन तांब्याचे वायसर.

पुढून मागे या. आधी वायसर नवे टाका, ते सगळ्यांत स्वस्त. बोल्टवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. बँजोला सील वायसर देतो, आटे नाही, आणि टेपचे तुकडे सुटून फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली अडकतात.

मग रबरी तुकडे. बाहेरून चांगला दिसला म्हणून ठेवू नका. जुन्या पाइपाचा आतला थर सुटतो आणि पापुद्र्यासारखा लोंबतो. कमी रेसला डिझेल त्याच्या बाजूने जातं, जास्त ओढ लागली की पापुद्रा भोकावर बसतो. बंद केल्यावर परत सैल. काढलेला तुकडा उभा चिरून बघा, तेव्हाच कळतं. नवा पाइप डिझेलसाठीचा घ्या, रेडिएटरचा किंवा पाण्याचा नाही, तो फुगून मऊ होतो.

प्रत्येक भाग बदलल्यावर बुडबुडे बघा. सगळं एकदम बदललं तर गाडी सुधारेल, पण दोष कुठे होता ते कळणार नाही.

मिरकरवाडा

लोखंडी नळीबद्दल कोकणातून एक भर. मासळीच्या गाड्यांत बर्फाचं खारट पाणी बॉडीतून चॅसिसवर गळतं. नळी उघड्यावर चांगली दिसते आणि क्लिपच्या खाली सडते, कारण तिथे मीठ आणि चिखल धरून राहतो. क्लिपा सोडून नळी फिरवून बघा, खवले निघाले तर सँडपेपर मारत बसू नका, नळी बदला. तुमच्याकडे खारं पाणी नसेल, पण खताची पोती वाहिली असतील तर तोच परिणाम.

नळी तपासायची सोपी रीत : दोन्ही टोकं सोडा, एक टोक बंद करा, दुसऱ्या टोकाने हातपंपाने हलका दाब द्या आणि नळीवर साबणाचं पाणी लावा. एक बार खूप झाला. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब देऊ नका.

फलटणकर_पिकअप

वायसर बदलले, बुडबुडे तसेच. पुढचा रबरी तुकडा बदलला, थोडे कमी झाले. जुना चिरून बघितला, आत पापुद्रा सुटलेला होता, साधारण दोन इंच. मागचा तुकडा बदलला, फरक नाही. लोखंडी नळी साबणाच्या पाण्याने तपासली, ठीक आहे. अजून बारीक बुडबुडे येतातच.

पाना_सतरा

आता टाकी गळ्यापर्यंत भरा आणि परत बघा.

फलटणकर_पिकअप

भरली. बुडबुडे पूर्ण बंद. काहीच बदललं नाही, फक्त डिझेल भरलं.

पाना_सतरा

मग जागा सापडली. टाकीतल्या उभ्या पाइपाला वरच्या भागात भोक किंवा चीर आहे. टाकी भरलेली असताना भोक डिझेलखाली बुडतं, तिथून डिझेलच ओढलं जातं, म्हणून काही जाणवत नाही. पातळी भोकाच्या खाली गेली की तिथून हवा येते. चढाला डिझेल टाकीत मागे सरकतं, लोडमुळे इंजिन जास्त मागतं, ओढ वाढते, हवा वाढते. कडेला जरा सपाट जागी थांबवलं की पातळी जागेवर येते आणि हवा वर निघून जाते. तुमच्या दोन्ही त्रासांचं उत्तर या एका भोकात आहे.

जाळीही बघाच. ती अर्धी बुजलेली असेल तर पंप जोरात ओढतो आणि त्याच भोकातून जास्त हवा घेतो. नुसतं भोक बुजवून जाळी तशीच ठेवली तर त्रास कमी होईल, जाणार नाही.

पाइप काढायच्या आधी डिझेल पाव टाकीपर्यंत उतरवा. वरच्या प्लेटभोवतीची माती ब्रशने आणि हवेने साफ करा, मगच स्क्रू सोडा, नाहीतर सगळी माती टाकीत. प्लेटखालचं गॅस्केट नवं आणून ठेवा.

फलटणकर_पिकअप

काढला. प्लेटच्या खाली चार बोटांवर पाइपाला आधाराची पट्टी वेल्ड केलेली आहे, तिच्या कडेला गंज लागून टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलंय. बोट लावून फुंकलं तर नीट कळतं. तळाची जाळी अर्ध्याहून जास्त काळ्या चिकट लगद्याने भरलेली. नवा पाइप मिळत नाहीये, जुन्या गाड्यांचा मिळेल म्हणतात. काय करू? पुट्टी लावून चालेल का?

इनलाइन

पुट्टी नको. ती सुटून तुकडे जाळीत जातील आणि पाइप आत असल्याने तुम्हाला दिसणारही नाही. पितळी झाळ मारून घ्या, म्हणजे ब्रेझिंग. पण पाइप टाकीतून बाहेर, टाकीपासून लांब, आधी डिटर्जंटच्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून. गेजचं युनिट आणि फ्लोट त्याच प्लेटवर असेल तर आधी सोडून ठेवा, उष्णतेने जळेल. झाळ मारल्यावर एक टोक बंद करून पाण्याखाली फुंका. बुडबुडा आला नाही तरच बसवा.

आणि सगळ्यांसाठीच, टाकीला स्वतःला भोक असेल तर रिकामी दिसतेय म्हणून वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

बार्देशकार

माझ्या पिकअपला इनलाइन नाही, रोटरी पंप आहे, वेगळा फीड पंप दिसत नाही. हीच रीत लागू पडेल का?

इनलाइन

तत्त्व तेच, जागा थोड्या वेगळ्या. रोटरीत ओढणारा पंप आतच असतो, पात्यांचा. म्हणजे टाकीपासून थेट पंपाच्या तोंडापर्यंत, फिल्टरसकट सगळा टप्पा ओढीचा. त्यामुळे फिल्टरचं ओ-रिंग, फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू आणि तिथला रबरी पडद्याचा प्रायमर या तिन्ही जागांतून हवा जाऊ शकते. पडदा चिरला की बाहेर थेंबही येत नाही आणि गाडी सकाळी त्रास देते. तपासायला फिल्टर बाजूला काढून डब्यातून थेट पंपाला डिझेल द्या.

दुसरं, रोटरीला बंद करण्याची सोलेनॉइड असते. चावी फिरवल्यावर टक् आवाज यायला हवा, तारेवर १२ व्होल्ट यायला हवेत. तार सैल असेल तर खड्ड्यात गाडी अचानक मरते, हळूहळू दम जात नाही. हा फरक ध्यानात ठेवा.

कोरेगावचा_संतोष

कॉमन रेलच्या (एकाच दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या, कॉम्प्युटरवाल्या) पिकअपचं काय? तीही डिझेलला त्रास देते. नोझलचे नट सैल करून मिसिंग बघता येतं का?

पाना_सतरा

अजिबात नाही. मेकॅनिकल पंपात इंजिन चालू असताना एकेका नोझलचा नट अर्धा फेरा सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते बघतात, तेही हात लांब ठेवून आणि चष्मा लावून. तिथेही दाब दोनशे बारच्या पुढे जातो आणि फवारा कातडीतून आत शिरतो. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, तिथे चालू इंजिनवर पाना लावायचा नाही. डिझेल कातडीत गेलं तर जखम टाचणीएवढी दिसते पण बोट कापावं लागू शकतं. लगेच दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना ‘दाबाने डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगायचं.

कॉमन रेलला स्कॅनर लावून मागितलेला रेल दाब आणि मिळणारा दाब शेजारी शेजारी बघा. टाकीकडची तपासणी मात्र वर लिहिलीय तशीच.

फलटणकर_पिकअप

पाइप झाळून पाण्याखाली तपासला, जाळी स्वच्छ केली. आता बसवल्यावर हवा कशी काढायची, क्रम सांगा. आणि टाकीतला लगदा परत आला तर?

पाना_सतरा

आधी टाकी. तळाचा ड्रेन नट सोडून डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि तासभर ठेवा. पाणी खाली बसेल, वर डिझेल, मधल्या थरात काळी साय दिसेल. ती पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढणाऱ्या जिवाणू-बुरशीची असते. पाणी नसेल तर ती वाढत नाही, म्हणून औषधापेक्षा पाणी काढणं महत्त्वाचं. चार-पाच लिटर डिझेल टाकून टाकी हलवा, परत सोडा, स्वच्छ येईपर्यंत. पाण्याने धुऊ नका. पावसाळ्यात सेडिमेंटर किंवा फिल्टरचा खालचा नट आठवड्याला सोडून कपभर काढा, रात्री गाडी उभी राहिल्यावर सकाळी सुरू करण्याआधी.

हवा काढायचा क्रम टाकीकडून इंजिनकडे. निदान अर्धी टाकी डिझेल भरा. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दोन फेरे सैल करा, खाली फडकं धरा, प्रायमर मारा. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांसकट डिझेल, मग सलग धार. धार आल्यावर प्रायमर मारत असतानाच स्क्रू आवळा. दुसऱ्या फिल्टरला तेच. मग पंपावरच्या स्क्रूला तेच. आता प्रायमर कडक लागायला हवा. मूठ खाली दाबून आट्यावर पूर्ण आवळा, सैल राहिली तर तिच्यातूनच हवा जाते.

सुरू झाली नाही तर दोन नोझलचे नट नोझलच्या बाजूला अर्धा फेरा सैल करा, गाड्यांप्रमाणे १७ किंवा १९ चा पाना लागतो. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मधे अर्धा मिनिट विश्रांती. डिझेलचे थेंब उडायला लागले की आवळा. आवळताना पंपाच्या टोकाचा डिलिव्हरी होल्डर (नळी ज्यावर बसते तो भाग) फिरणार नाही याकडे लक्ष ठेवा.

इनलाइन

ओव्हरफ्लो व्हॉल्व्हचं एक राहिलं. पंपातून रिटर्न जिथून निघतो तिथे स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो गॅलरीत साधारण एक बारच्या आसपास दाब धरून ठेवतो. बरेच जण तो हरवला की साधा बँजो बोल्ट लावतात. दाब मिळत नाही, गाडी कमी रेसला ठीक आणि लोडला फुसकी. तुमची डब्यावर छान चालली, पण ती चाचणी उभ्या गाडीवर होती, लोड नव्हता. हवा काढल्यावरही घाटात थोडी कमी वाटली तर पंपाच्या तोंडाला टी (तीन तोंडांचा जोड) लावून छोटा गेज जोडा. गेज नसेल तर रबरी रिटर्न पाइप पकडीने क्षणभर थोडा दाबा, पूर्ण बंद नाही. रेस लगेच सुधारली तर व्हॉल्व्ह बदला.

पंपाची इतकी काळजी का, तर प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन ते चार मायक्रॉनची असते, माणसाचा केस साधारण सत्तर. टाकीतला गंज आणि पाणी या फटीत गेलं तर मात्र पंपवाल्यांचं म्हणणं खरं होईल. म्हणून त्या दोन फिल्टरांचे पैसे वाचवू नका, आणि स्वस्त भेसळीचं डिझेल घेऊ नका. रॉकेल मिसळलेल्या डिझेलला वंगण कमी असतं, प्लंजर कोरडा घासतो.

फलटणकर_पिकअप

टाकी धुतली, मधल्या थरातली साय निघाली, पाणीही निघालं. पाइप बसवला, नवं गॅस्केट, हवा काढली. मुद्दाम पाव टाकीवर लोड घेऊन घाट चढवला. दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर सलग वर आली. सकाळी प्रायमरला हात लावावा लागत नाही. पारदर्शक पाइप काढून डिझेलचा रबरी पाइप लावला.

शेवटचा प्रश्न. फिल्टर नुकतेच बदललेत, ते ठेवू की परत बदलू?

पाना_सतरा

आत्ता ठेवा. टाकी धुतली तरी कडांना चिकटलेला लगदा पुढचे काही दिवस सुटत राहतो आणि पहिला फिल्टर तो धरतो. ५०० किलोमीटरला फीड पंपाची जाळी काढून बघा, पहिला कापडी फिल्टर बदला आणि जुना कापून आत बघा. काळा चिकट थर असेल तर टाकी परत एकदा धुवा. नुसता मळका असेल तर दुसरा कागदी फिल्टर त्याच्या नेहमीच्या मुदतीपर्यंत चालू द्या. बदलताना नवा फिल्टर डिझेलने भरून बसवायचा असेल तर पहिलाच भरा. दुसरा कोरडा बसवा आणि प्रायमरने भरू द्या, म्हणजे न गाळलेलं डिझेल थेट पंपात जाणार नाही.